आधी टेप हातात घे

अगं, क्लासची फी भरायला निघाली आहेस, पण आधी जरा माझं ऐकून घे. त्यांनी तुला पॅकेज सांगितलंय ना? ऑटोकॅड, रेव्हिट, स्केचअप, थ्रीडीएस मॅक्स, स्टाड प्रो, प्रिमावेरा, सगळं सहा महिन्यांत, वर सर्टिफिकेट आणि नोकरीची हमी. यातलं स्टाड प्रो हे इमारतीच्या सांगाड्याचं गणित करणाऱ्यांचं, म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअरचं हत्यार. प्रिमावेरा मोठ्या कामांचं वेळापत्रक आखणाऱ्यांसाठी आहे. तुला आत्ता या दोन्हींची गरज नाही. ड्राफ्ट्समन सिव्हिलचा आयटीआयचा दोन वर्षांचा कोर्स तू मन लावून पूर्ण केलास. आता एकच सॉफ्टवेअर घे आणि ते नीट शीक. बाकीची पुढे कामाच्या गरजेप्रमाणे येतील.

आणि फी भरण्याआधी एक काम कर. पाच मीटरची टेप, एक वही आणि पेन्सिल घेऊन आपलं राहतं घर मापून काढ. हे काम क्षुल्लक समजू नकोस. खोलीच्या चारही भिंती मापल्यास तरी ती खोली कागदावर काढता येत नाही, हे तुला पहिल्या खोलीतच कळेल. चार बाजूंची मापं तीच ठेवूनही चौकोन तिरका होऊ शकतो, म्हणून कर्ण मापावाच लागतो. दोन्ही कर्ण घे. समोरासमोरच्या भिंती सारख्या असूनही कर्णांत फरक आला, तर खोली काटकोनात नाही असं समज. गावाकडच्या घरात किंवा पेठेतल्या जुन्या वाड्यात तर काटकोन भाग्यानेच सापडतो. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मिळते, तिथे मापून घे. खिडकीची फरशीपासूनची उंची, बीम किती खाली उतरलाय, संडासची फरशी किती खाली आहे, हे सगळं वहीत उतरव आणि मग कॉम्प्युटर उघड. स्क्रीनवर ऑर्थो चालू केलं की प्रत्येक रेघ आपोआप सरळ आणि काटकोनात येते. त्या सरळपणाची सवय लागली की प्रत्यक्षातली भिंतही तशीच असेल असं वाटू लागतं. ते वाटणं तुझ्या बाबतीत पहिल्याच दिवशी मोडायला हवं.

मापाच्या एककांचा गोंधळही इथेच भेटेल. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असतं आणि गवंडी सांगतो 'दोन इंच तीन सूत'. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास. जमिनीचं तर विचारूच नकोस. मालक गुंठ्यात बोलतो, सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहिलेलं असतं आणि नकाशा चौरस मीटरमध्ये लागतो. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. आर म्हणजे पूर्ण १०० चौरस मीटर. फरक किरकोळ वाटतो. पण वीस गुंठे आणि वीस आर यांत २३ चौरस मीटरहून जास्त तफावत पडते, म्हणजे जवळजवळ अडीचशे चौरस फूट. त्यावर एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येईल तो आकडा, लावला जातो, त्यावर खोल्या ठरतात आणि त्यावर लोकांचे पैसे लागतात. म्हणून कुठलाही आकडा टाकण्याआधी त्याचं एकक विचारायचं, साहेबांना विचारावं लागलं तरी.

सर्व्हेच्या फाइलचंही तसंच. टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्रावर केलेला सर्व्हे मीटरमध्ये येतो. तो मिलिमीटरच्या ड्रॉइंगमध्ये तसाच आणून टाकलास तर प्लॉट हजारपट लहान दिसेल. शिवाय तो पृथ्वीवरच्या खऱ्या ठिकाणाचे आकडे घेऊन येतो. पुण्याची साइट यूटीएमच्या ४३व्या पट्ट्यात येते आणि नागपूरची ४४व्या. पुण्यातल्या बिंदूचा उत्तरेकडचा आकडा वीस लाख मीटरच्या वर जातो. रेव्हिटला त्याच्या मूळबिंदूपासून इतकं दूर काम केलेलं सोसत नाही, रेघा थरथरल्यासारख्या दिसतात आणि मापं चुकू लागतात. सर्व्हे जवळ आणून ठेवायचा आणि खरे आकडे कोऑर्डिनेटमध्ये नोंदवायचे, अशी त्याची पद्धत आहे. क्लासमध्ये हे सहसा सांगत नाहीत, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

आता सॉफ्टवेअरबद्दल. ही दुनिया फार जुनी नाही. १९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलँड नावाच्या विद्यार्थ्याने पीएचडीसाठी 'स्केचपॅड' तयार केलं. पडद्यावर प्रकाशाच्या पेनाने रेघ ओढायची आणि 'या दोन रेघा समांतर राहू देत' अशी अट घातली की यंत्र ती पाळायचं. एका मूळ आकृतीच्या हव्या तितक्या प्रती ठेवता यायच्या आणि मूळ बदललं की सगळ्या प्रती बदलायच्या. तू उद्या खिडकीचा ब्लॉक करशील तेव्हा तीच कल्पना वापरशील. १९८२ च्या डिसेंबरात ऑटोकॅड आलं आणि हे काम साध्या पीसीवर उतरलं. त्याआधी आपल्याकडच्या ऑफिसांत ड्राफ्टिंग बोर्ड, टी-स्क्वेअर, रोट्रिंगचं पेन, ट्रेसिंग पेपर आणि अमोनिया प्रिंटचा तो डोळ्यांत जाणारा वास होता. शाईची रेघ चुकली तर ब्लेडने खरवडावी लागे, त्यामुळे रेघ ओढण्याआधी माणूस विचार करायचा. आता 'अनडू' आहे. ती सोय मोठी आहे आणि मला ती प्रिय आहे. पण तो आधी विचार करण्याचा भाग आता कुणी जबरदस्तीने करून घेत नाही, तो आपल्यालाच राखावा लागतो.

ऑफिसात लागलीस की एक प्रसंग येणारच, त्यासाठी तुझी आधीच तयारी करून घेते. संध्याकाळचे सात वाजलेले असतील, प्रिंट द्यायची घाई असेल आणि कुणीतरी सीनियर म्हणेल, 'भिंत हलवत बसू नकोस, नुसता आकडा बदल.' ड्रॉइंगमधल्या डायमेन्शनवर हाताने आकडा लिहिता येतो. रेघ ३००० ची असते आणि वर ३१५० लिहून टाकतात. अगं, हे कधीही करू नकोस. तुझी फाइल स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे जाते, तो रेघ मापून कॉलम ठेवतो. प्लंबिंगवाला त्यावरच पाइप बसवतो. साइटवरचा मिस्त्री मात्र लिहिलेला आकडा वाचतो. एकाच खोलीच्या अशा दोन खोल्या होतात आणि ते कळतं सेंटरिंग, म्हणजे काँक्रीटचा साचा, लागल्यावर. अशा वेळी 'ड्रॉइंग कुणी काढलं?' हा प्रश्न तुझ्याकडेच येतो, आकडा बदलायला सांगणाऱ्याकडे येत नाही. शांतपणे म्हण, 'सर, भिंत हलवायला मला दहा मिनिटं लागतील,' आणि हलव. नाहीच ऐकलं तर तो बदल कुणी सांगितला ते तारखेनिशी वहीत लिहून ठेव आणि ऑफिसच्या ग्रुपवर विचारल्यासारखं टाक.

आकडा कुठून कुठपर्यंतचा आहे, हेही तुला माहीत हवं. विटेच्या भिंतीपासून भिंतीपर्यंत, की गिलावा झाल्यावरचा? आतला गिलावा साधारण १२ मिलिमीटरचा असतो, बाहेरचा २० चा. बाथरूममध्ये त्यावर टाइल आणि तिच्यामागचा माल येतो. दोन्ही बाजूंचा डेडो धरला की विटेपासून विटेपर्यंत ९०० असलेल्या संडासात चाळीस-पन्नास मिलिमीटर सहज जातात. नकाशा मंजूर होतो, पण पुढची पन्नास वर्षं तिथल्या आजीचे गुडघे दाराला लागतात. दाराचंही तसंच. प्लॅनवर तू ९०० लिहिलंस, पण ते बांधकामातलं भोक, चौकटीचं बाहेरचं माप की फळीची रुंदी? गवंडी, सुतार आणि तू, तिघांनी तीन अर्थ घेतले तर चौकट बसवताना भिंत फोडावी लागते. त्यामुळे दरवाजांच्या तक्त्यात हे स्पष्ट लिहायचं.

रिव्हिजनचं तर मी तुला कितीही वेळा सांगेन. आज ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर जातं. मिस्त्री मोबाइलवर बोटांनी मोठं करून वाचतो, उन्हात काच चमकते आणि ३ चा ८ दिसतो. त्यात फाइलचं नाव 'फायनल', मग 'फायनल नवीन', मग 'फायनल लास्ट'. साइटवर यातली कुठली चालू आहे हे कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. तुझ्या टेबलापुरता तरी एक नियम ठेव. प्रत्येक ड्रॉइंगला नंबर, रिव्हिजनला आर-शून्य, आर-एक असा क्रम, तारीख आणि काय बदललं त्याची एक ओळ. बदललेल्या जागेभोवती ढग काढायचा. स्क्रीनचा फोटो कधीच पाठवायचा नाही, पीडीएफ पाठवायची. पाठवल्यावर फोन करायचा: 'काका, आर-दोन आलंय, आर-एक फाडून टाका, जिन्याजवळचा बीम बदललाय.' आणि पुढच्या वेळी साइटवर जाशील तेव्हा केबिनच्या भिंतीवर कुठला कागद लावलाय ते स्वतः बघायचं. जुना असेल तर काढून आण. हे काम कुणी तुला सांगणार नाही आणि केल्यावर कुणी शाबासकीही देणार नाही. तरी कर. एका चुकीच्या कागदावरून स्लॅब टाकला गेला की तो फोडायला लागणारी रक्कम एखाद्या कुटुंबाची वर्षाची कमाई असते.

बीआयएमबद्दल तू विचारलं होतंस, 'ते शिकू का?' शीक, पण हे घर मापून टू-डीत काढायला जमलं की मग. बीआयएम म्हणजे इमारत रेघांऐवजी वस्तूंनी काढायची. तू भिंत ठेवतेस तेव्हा ती किती जाड, कशाची, कुठल्या मजल्यावरून कुठपर्यंत, हे तिच्यातच असतं. प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन हे त्या एकाच मॉडेलकडे वेगवेगळ्या बाजूंनी बघणं. ऑटोकॅडमध्ये तू प्लॅनमध्ये खिडकी सरकवलीस की एलिव्हेशनमध्ये आठवणीने सरकवावी लागते. इथे ती सरकतेच, आणि खिडक्यांच्या तक्त्यातला आकडाही बदलतो. जिन्याचं उदाहरण घे. मजल्याची उंची २९०० होती, १७ पायऱ्या, प्रत्येकी १७० च्या आसपास. मालकाने उंची ३०५० करून मागितली. साध्या ड्रॉइंगमध्ये सेक्शन बदलायचा राहिला, तर वरचे १५० मिलिमीटर कुठेतरी शेवटच्या पायरीत शिरतात आणि रोज कुणीतरी तिथे अडखळतं. बीआयएमचं सॉफ्टवेअर असलेलं रेव्हिट मात्र लगेच इशारा देतं की जिना वरच्या मजल्याला पोचत नाही. घरातल्या पायरीची उंची १९० च्या वर आणि रुंदी २५० च्या आत जाऊ नये, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. तो विचार मात्र तुलाच करायचा आहे, इशारा आला म्हणून पायऱ्यांची संख्या कशीही वाढवायची नाही.

रेव्हिट २००० साली बाजारात आलं आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कने विकत घेतलं. त्याआधीच, ऐंशीच्या दशकात, बुडापेस्टच्या मंडळींनी आर्किकॅड हे तसंच सॉफ्टवेअर आणलं होतं. ब्रिटनने २०१६ पासून केंद्र सरकारच्या कामांना बीआयएम सक्तीचं केलं आणि त्यामुळे तिकडची बरीच मॉडेलं पुण्यातल्या आणि इतर शहरांतल्या ऑफिसांत तयार होऊ लागली. आपल्याकडचं मोठं उदाहरण नागपूर मेट्रोचं. महामेट्रोने तिथे पाच मितींचं बीआयएम वापरलं. तीन मिती लांबी, रुंदी, उंचीच्या, चौथी वेळेची आणि पाचवी खर्चाची. कुठला खांब कधी उभा राहणार आणि त्यावर किती पैसे जाणार, हे मॉडेलशी जोडलेलं. अशा कामात मॉडेल करणाऱ्या हाताला मान आहे, कारण चुकलेल्या वस्तूमुळे चुकीची ऑर्डर जाते. तू तिथे पोचावंस असं मला फार वाटतं.

पण सुरुवात कदाचित महापालिकेच्या नकाशांनीच होईल, आणि त्याला कमी लेखू नकोस. आपल्याकडे नकाशा तपासण्याचं बरंच काम आता सॉफ्टवेअर करतं. ऑटोडीसीआर हे पुण्यातल्याच कंपनीचं सॉफ्टवेअर तुझी फाइल वाचतं आणि मार्जिन, क्षेत्रफळ, एफएसआय नियमांशी ताडून बघतं. ते तुझी सुंदर रेघ बघत नाही, फक्त लेअर बघतं. प्लॉटची हद्द ठरलेल्या लेअरवर आणि बंद पॉलीलाइनमध्ये हवी. केसाएवढी फट राहिली तरी ते क्षेत्रफळ काढू शकत नाही. दुहेरी रेघा पडल्या असतील तर 'ओव्हरकिल' चालव, कचरा 'पर्ज' कर, 'ऑडिट' कर आणि मगच फाइल दे. मुंबई आणि काही मोजके भाग सोडून राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रित नियमावली लागू झाली, तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. ती सरकारी संकेतस्थळावर मिळते. छापून घे, टाचण लावून ठेव आणि रोज थोडी वाच. ज्या मुलीला नियम माहीत असतात तिला कुणी नुसती 'कॅडवाली' म्हणत नाही.

सॉफ्टवेअर चोरीचं वापरू नकोस. विद्यार्थी असेपर्यंत ऑटोडेस्क शिकण्यासाठी फुकट देतं, फ्रीकॅड आणि लिब्रेकॅड तर कायमच फुकट आहेत. ऑफिसात क्रॅक केलेली प्रत चालू असेल तर तो त्यांचा धोका आहे, पण तुझ्या लॅपटॉपवर ती घालू देऊ नकोस. फाइलमध्ये व्हायरस शिरला तर तुझी वर्षाची मेहनत जाते. एआयने केलेली गुळगुळीत चित्रं बघून घाबरूही नकोस आणि भुलूही नकोस. त्यात बाल्कनी हवेत तरंगते आणि खाली बीम नसतो. तो बीम कुठे हवा हे सांगणारं माणूस लागणारच आहे.

आता पैशाचं आणि मानाचं. 'तीन महिने फुकट शिक, मग बघू' असं म्हणणाऱ्याकडे जाऊ नकोस. तू पहिल्या दिवसापासून त्यांची ड्रॉइंगं काढणार असतेस. मुलाखतीत स्पष्ट विचार: साइटवर नेणार का, तिथे बायकांसाठी संडास आहे का, हेल्मेट आणि बूट ऑफिस देणार का, उशीर झाला तर घरी पोचवायची सोय काय? हे विचारताना लाजू नकोस. साइटवर मुलींना नेत नाही असं कुणी काळजीच्या आवाजात सांगितलं तरी ते मान्य करू नकोस. फिटर सळ्या बांधत असताना तू तिथे उभी राहिली नाहीस, तर कॉलमच्या सळ्यांच्या गर्दीत काँक्रीट जायला जागा उरते का, हे तुला कुठलीच स्क्रीन दाखवणार नाही. बार बेंडिंगचा तक्ता हातात घेऊन मोज, फिटरला विचार. ही माणसं मनापासून शिकवतात, फक्त विचारणाऱ्याला.

पेरीन मिस्त्री यांनी १९३६ मध्ये मुंबईच्या जे. जे. मधून वास्तुकलेची पदविका घेतली. त्या देशातल्या पहिल्या महिला वास्तुविशारद मानल्या जातात. तेव्हापासून ही वाट बायकांची आहेच. कायद्याची बाजूही समजून घे. १९७२ च्या आर्किटेक्ट कायद्याप्रमाणे आर्किटेक्टांच्या परिषदेकडे नोंदणी असलेल्यालाच आर्किटेक्ट म्हणवून घेता येतं. पण सिव्हिल ड्राफ्ट्समनचा आयटीआय केलेल्यालाही अनुभवानंतर सुपरवायझरचं लायसन्स मिळण्याची तरतूद यूडीसीपीआरमध्ये आहे. अटी तिच्या परिशिष्टात वाच आणि अनुभवाची पत्रं पहिल्या नोकरीपासून लेटरहेडवर, तारखांसकट घेत जा. मागाहून कुणी देत नाही. पुढे डिप्लोमा करावासा वाटला तर नोकरी सांभाळून कसा करता येईल ते आपण दोघी बसून बघू.

मनगट दुखायला लागलं की दुर्लक्ष करू नकोस, खुर्ची उंच करून घे, दर तासाला ऊठ.

या रविवारी टेप घेऊन आधी तुमचं घर माप. वहीवरची मापं मी तपासून देईन. क्लासची फी त्यानंतरच भर.